राबाचा रंग

आत्या, तुझा फोन अजून बंद केलेला नाही. तू ठेवायचीस तसाच देवळीत उताणा ठेवलाय, कारण घरात रेंज तेवढ्या जागीच येते. परवा दुपारी तो वाजला. आई विहिरीवर गेली होती, बाबा ओट्यावर आडवे झाले होते. मी उचलला. पलीकडे ठाण्याच्या कुणी बाई होत्या.

"तुमच्याकडे जेवणाची सोय होते ना? वेबसाइटवर बघितलं. किती हिरवंगार आहे हो! आत्ता पण असंच आहे का तिकडे?"

मी दारातून बाहेर बघितलं. ऊन इतकं होतं की समोरचा डोंगर जागेवरून किंचित हलतोय असं वाटत होतं. गवत वाळून पिवळं पडलेलं, साग उघडे, आणि खाली आपला राब, भाताच्या रोपासाठी भाजलेला, काळा. मला "आहे" म्हणता आलं नाही, "नाही"ही म्हणता आलं नाही. "रेंज जातेय," असं म्हणून मी फोन ठेवला. रेंज चांगली होती.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. या दिवसांत घरात खूप माणसं आली, तुझ्याबद्दल खूप बोलली. तू मुरबाडला दिलेली होतीस, तिथून परत आलीस, मग डोळखांबच्या वरच्या या पाड्यात राहून डोंगर चढायला येणाऱ्यांना जेवू घालायला लागलीस, हे सगळं त्यांनी एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती फक्त तुलाच सांगायची होती. ती त्या हिरव्या फोटोची आहे.

सुरुवात तुला आठवत असेल. कॉलेजात सरांनी सांगितलं होतं, आपल्या भागातला एखादा धंदा निवडा आणि त्याची वेबसाइट बनवा. वर्गातल्या मुलींनी ब्यूटी पार्लर घेतलं, मुलांनी व्यायामशाळा, कुणी आसनगावचं मोठं हॉटेल. मी घरी येऊन घाबरतच म्हणाले, तुझ्या जेवणाची करू का? तू भाकरी थापता थापता थांबलीस.

"माझी भाकर कंप्युटरवर? ती करपंल ना गो."

मग दोन दिवस तू येणाऱ्या जाणाऱ्याला तेच सांगत सुटलीस. तुझा फोटो मात्र काढू दिला नाहीस. "माझं थोबाड बघून कोण जेवाया येईल? भाकरीचा काढ, खुरासणीच्या चटणीचा काढ." मी दोन्हीचे काढले. मजकूर तू सांगितलास तसा लिहिला: तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, आधी फोन करून या, चपला ओट्याखाली ठेवा. चपलांचं वाक्य काढू या असं मी म्हटलं होतं. तू ऐकलं नाहीस.

मग मी विचारलं, बॅकग्राउंड काय ठेवू?

"ते काय अजून?"

"मागचं गं."

"मागचं म्हंजे परसातलं?"

"नाही. अक्षरांच्या मागे जे असतं ना, ज्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं, ते."

तू हात धुतलेस, पदराला पुसलेस, विचार केलास. "म्हंजे भुई," म्हणालीस.

त्या दिवसापासून आपल्या घरात बॅकग्राउंडला भुई म्हणतात. मी एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये चुकून म्हणाले, "सर, भुई बदलायची कशी?" सगळी लॅब हसली. तेव्हा मला फार लाज वाटली होती. आता तो शब्द सरांच्या शब्दापेक्षा बरोबर वाटतो, पण हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

भुई म्हणून मी एक फोटो आधीच लावून ठेवला होता. इंटरनेटवर शोधलेला. डोंगराच्या उतारावर भातशेतीच्या पायऱ्या, धुकं, मागे पांढरी रेघ असावी तसा धबधबा. तो मी तुला मोठ्या कौतुकाने दाखवला. तू दोन बोटांनी तो मोठा केलास, एकदा डावीकडे सरकवलास, एकदा वर.

"हे खाचर कुणाचं?"

"असंच. भाताचं आहे."

"भाताचं हाय ते दिसतंय. बांध आपले नायत. आपला बांध असा वळत नाय. आणि माणूस बघ, टोपी बघ त्याची. हा कुठल्या मुलखातला?"

मला तो माणूस दिसलाच नव्हता. फोटोच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा होता, टोकदार टोपी घातलेला. मी म्हणाले, इतकं कोण बघतंय? तेव्हा तू मला गेल्या मे महिन्यातल्या त्या बाईची आठवण करून दिलीस. कुणाच्या तरी पेजवर धबधब्याचा फोटो बघून ती दोन मुलांना घेऊन आली होती. मुलांच्या गळ्यात पोहायच्या रबरी ट्यूबा. तू त्यांना कड्यापर्यंत घेऊन गेलीस आणि वर बोट दाखवून म्हणालीस, हितनं पडतो तो, श्रावणात. मुलं कोरड्या दगडाकडे बघत उभी राहिली. मग तू त्यांना विहिरीवर आणलंस, कळशीने अंघोळी घातल्यास, ट्यूबांसकट. ती बाई जाताना हसत होती, पण तुला ते लागून राहिलं होतं.

"त्या पोरांची तोंडं बघवत नव्हती," तू म्हणालीस. "आपल्याकडं जे हाय ते लाव. जेवण आपलं, मंग भुई दुसऱ्याची कशाला?"

"आत्ता आहे काय आपल्याकडे? सगळं वाळलंय."

"राब हाय."

मला वाटलं तू चेष्टा करतेस. होळी होऊन गेली होती. बाबांनी आणि तू मिळून खालच्या तुकड्यात शेण, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, पाचोळा, वर माती असे थर देऊन राब भाजला होता, भाताचं रोप टाकण्यासाठी. दोन दिवस पाड्यावर निळा धूर रेंगाळत होता आणि मग तो तुकडा काळाभोर होऊन पडला होता. तो वेबसाइटला लावायचा?

आपण किती भांडलो त्यावरून. मी म्हणाले, काळी भुई कोण ठेवतं, जळाल्यासारखं दिसेल. तू म्हणालीस, जळालेलंच हाय. मी म्हणाले, लोक अशुभ म्हणतील. तू म्हणालीस, ज्याला अशुभ वाटंल त्याने डबा घेऊन यावा. मी म्हणाले, अक्षरं दिसणार नाहीत. यावर तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी अजून पहिलीत आहे.

"राबावर रोप दिसत नाय? अख्ख्या शिवारात तेच तर पयलं दिसतं. अक्षरं पोपटी कर."

मग दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला राबावर घेऊन गेलीस. फोटो नको होता तुला, फक्त रंग हवा होता, अगदी तोच. मी फोनवर रंगांचं ते चक्र उघडलं. पण उन्हात स्क्रीन दिसेना. आपलीच तोंडं दिसत होती त्यात, घामाने चमकणारी. तेव्हा तू खाली बसलीस, मला ओढून बसवलंस आणि दोघींच्या डोक्यांवरून, फोनवरून, मातीवरून तुझ्या त्या मुरबाडच्या साडीचा पदर घेतलास.

आत्या, त्या पदराखालची ती दुपार मला रोज दिसते. झोपेत दिसते तशी, कडा नसलेली. आत धुराचा, खोबरेलाचा आणि तुझ्या हाताच्या लसणाचा वास होता. बाहेर कुठेतरी लांब ST घाट चढत होती, तिचा आवाज जवळ येत होता आणि पोचत नव्हता. तू एक ढेकूळ चिमटीत चुरलंस आणि फोनच्या काचेशेजारी पसरलंस. मी बोटाने रंग गडद करत गेले.

"अजून," तू म्हणालीस. "अजून. हां... आता निळा झाला गो, कावळ्याच्या पंखावानी. मागं घे. जरा राख मिसळ."

"राख नसते यात."

"मंग काय असतं?"

"लाल, हिरवा, निळा. तिन्ही कमी जास्त करायचे."

"त्यातनं काळा होतो?"

"हो."

"बघ," तू म्हणालीस, जणू हे तूच मला शिकवत होतीस.

आपण हळू बोलत होतो. का, ते माहीत नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. तशीच थोडा थोडा रंग सरकवत गेले आणि एका क्षणी फोन कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते ते कळेनासं झालं. काचेची कड नाहीशी झाली. माझं बोट मातीवर आहे की रंगावर, मला सांगता आलं नसतं. तू श्वास रोखला होतास. "हाच," म्हणालीस. मी सहा अक्षरांचा तो कोड वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

इथवर सगळं खरं आहे. पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही.

लॅबमध्ये मी तो कोड घातला आणि पान उघडलं. तो काळा नव्हता. लालसर होता, पिकलेलं करवंद बोटात फुटावं तसा. माझी मैत्रीण प्रणाली शेजारच्या खुर्चीतून वाकून म्हणाली, "हे काय गं? पाणीपुरीची चटणी सांडली?" मी कोड पुन्हा तपासला. तोच होता. मला वाटलं मीच लिहिताना चुकले, किंवा पदराखाली अंधारात आपल्याला नीट दिसलंच नाही. तेवढ्यात सर फिरत आमच्या रांगेकडे यायला लागले आणि मी घाईघाईने जुना हिरवा फोटो परत लावला.

सर थांबले. माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. ते माझ्या टेबलाशी कधी थांबत नसत. "वा," म्हणाले, "हे तुझं गाव?"

मी "हो" म्हणाले.

एवढंच झालं. एक शब्द. त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, बघा, आपल्या तालुक्यात असं गाव आहे आणि आपल्याला माहीत नाही. आसनगावच्या हॉटेलवाल्या मुलानेही मान डोलावली. आत्या, आपल्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत कीव नव्हती. मी तो फोटो काढू शकले नाही. तसंच पान मी सगळ्यांसाठी खुलं केलं.

घरी आल्यावर तू विचारलंस, "झाली का काळी भुई?" मी "झाली" म्हणाले आणि फोनमध्ये साठवलेलं करवंदी पान, पोपटी अक्षरांचं, तुला दाखवलं. घरात इंटरनेट चालत नाही, त्यामुळे खरं पान तुला दिसणारच नव्हतं. तू बराच वेळ बघितलंस. मला भीती होती की तू म्हणशील, हा रंग तो नाय. पण तू काहीच म्हणाली नाहीस. गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडलीस.

मग तू डोळखांबच्या बाजारात सांगितलंस. ST च्या कंडक्टरला सांगितलंस. लशीचा डबा घेऊन पोलिओचे डोस द्यायला आलेल्या ताईंना सांगितलंस, "आमच्या बायनं माझा राब लावलाय तिकडं. आता फसून कोण येणार नाय." मी तिथेच उभी होते, त्यांना पाणी देत.

मी बदलणार होते. परीक्षा झाली की. गुण लागले की. असं म्हणत म्हणत वैशाख आला.

तू अचानक कोसळलीस त्या दिवशी जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. शहापूरपर्यंतचा रस्ता कधी एवढा लांब नव्हता. तू डोळे उघडून वर बघत होतीस, मला नाही, जीपच्या टपाकडे. मला वाटलं, आत्ता सांगावं. पण आई रडत होती, बाबा ड्रायव्हरला रस्ता सांगत होते, शेजारचे दोघे तुझे तळवे चोळत होते. त्यांच्यामध्ये वेबसाइटच्या रंगाचं काय बोलायचं? मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आलंच बघ हॉस्पिटल." तेव्हा आपण किन्हवलीच्याही अलीकडे होतो. तुझ्याशी मी बोललेलं शेवटचं वाक्यसुद्धा खोटं निघालं, आत्या.

दहाव्याला बायका जमल्या. तुझी लुगडी, साड्या काढल्या. आईने ती मुरबाडच्या बाजारातून आणलेली लाल साडी झटकली आणि खिडकीशी धरली, कसर लागलीय का बघायला. ऊन तिच्यातून आत आलं. आईचं तोंड, तिचे हात, समोरची भिंत, सगळं क्षणभर लालसर झालं.

मी उठले आणि आईकडून साडी मागून घेतली. बायकांना वाटलं रडायला चाललेय. मी राबावर गेले. तशीच खाली बसले, पदर डोक्यावरून घेतला, फोन मातीवर ठेवला आणि तो करवंदी रंग उघडला.

काचेची कड नाहीशी झाली.

आपण चुकलो नव्हतो. मी लिहिताना चुकले नव्हते आणि तुला बरोबरच दिसलं होतं. पदरातून येणाऱ्या उजेडात माती तशीच दिसते. आपण मातीबरोबर तुझ्या साडीचा रंगही मोजून घेतला होता. म्हणूनच घरी पान दाखवलं तेव्हा तू काही बोलली नसशील. की तुला फरक दिसला होता आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलीस? हे आता मला कुणी सांगणार नाही. मी पदर काढला तेव्हा राब राखाडी काळा होता आणि फोन लाल. पुन्हा घेतला, पुन्हा एक. असं किती वेळा केलं मोजलं नाही. बाबा येऊन लांब उभे राहिले होते.

बारावीनंतर मला घरी बसवायचं ठरलं होतं तेव्हा तू बाबांना याच राबाच्या बांधावर गाठलं होतंस. मी झाडामागून ऐकलं होतं. "ती जाणार," तू म्हणालीस. "मी डोळखांबपर्यंत रोज चालत सोडीन, पण ती जाणार." आणि सोडलंस. पहिलं अख्खं वर्ष. त्याबद्दलही मी तुला कधी काही म्हणाले नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नाही, आणि मला वाटायचं, वेळ आहे.

काल मी पान बदललं. टाकीजवळच्या टेकाडावर बसले, तिथे इंटरनेट येतं. हिरवा फोटो काढला, तो टोकदार टोपीचा माणूसही गेला. तो कोण होता, कुठला होता, त्याचं रोप यंदा कसं आहे, असं उगाच मनात आलं. मग तुझ्या पदराचा रंग भुई म्हणून लावला. मला तो दुरुस्त करता आला असता, लाल थोडा कमी केला की खरा राब झाला असता. केला नाही.

आणि सगळी अक्षरं गेली. हिरव्या फोटोवर मी ती काळी ठेवली होती ना. आता त्या गडद करवंदीवर काळी. भाकरी, पिठलं, चटणी, चपला ओट्याखाली ठेवा, सगळं तिथेच होतं, ओळीने, पण दिसत काही नव्हतं. मी घाबरले नाही. तशीच बघत बसले. उन्हं उतरत होती, खाली कुणाची तरी गाय हंबरत होती, आणि तुझे शब्द त्या भुईत पडून होते. मग मी एकेक ओळ पोपटी करायला घेतली.

खाली उतरून घरी आले. त्या ठाण्याच्या बाईंना फोन केला, सांगितलं की आत्ता हिरवं नाही, काळं आहे, आणि जेवण आई करील. त्या म्हणाल्या, रविवारी चार जण येतो.

मग शेवटची एक ओळ राहिली होती, ती फोनमध्येच लिहून ठेवून नंतर टेकाडावरून चढवायची होती. ती मी आधी भुईच्याच रंगात लिहिली, म्हणजे असेल पण कुणाला दिसणार नाही. बराच वेळ ती तशी ठेवली. मग तिलाही पोपटी केलं. आई शेजारी सुपात तांदूळ पाखडत होती.

"काय लिवलंस एवढं?"

मी वाचून दाखवलं: आत्या होती तोवर इथे दुसऱ्याच मुलखातला फोटो होता. तो मी लावला होता. तिला राब लावलाय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं.

आईचं सूप थांबलं. "एवढं सगळ्यांना कशाला सांगायचं गो?"

"तिला सांगायचं राहिलं."

आईने सुपातला एक खडा वेचला, बाहेर टाकला. मग माझ्या हातातल्या फोनकडे वाकून बघितलं.

"मंग अक्षरं जरा मोठी कर," ती म्हणाली. "तिला बारीक दिसत नव्हतं."